भेट म्हणून घेतलेली दोन पुस्तके आणि त्यांतली खोटी मापे

बनावट पुस्तकांच्या व्यापारात भेट देणारा ग्राहक सर्वांत सोयीचा असतो, कारण तो स्वतः पुस्तक उघडून पाहत नाही आणि ज्याला ते मिळते तो संकोचापोटी तक्रार करत नाही. माझ्या भाचीला दिलेल्या दोन पुस्तकांच्या बाबतीत नेमके हेच घडले. ती कोल्हापुरात घरगुती बेकरी चालवते आणि जोडीला जॅम, सॉस व लोणची करून विकते. तिच्या वास्तुशांतीनिमित्त ब्रेडवरचे एक आणि फळे-भाज्या टिकवण्यावरचे एक, अशी दोन इंग्रजी पुस्तके मी एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरील विक्रेत्याकडून मागवली. विक्रेत्याला चांगले तारे मिळालेले होते, ब्रेडच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ प्रकाशकाचेच होते आणि भेटीचे वेष्टन निवडल्यामुळे पुस्तके चमकदार कागदात गुंडाळून थेट तिच्या पत्त्यावर गेली. "मावशी, फार छान आहेत पुस्तकं," असे तिने फोनवर सांगितले.

पुढे तिच्याकडे मुक्कामाला गेले असताना मी ती पुस्तके पहिल्यांदा हातात घेतली. ब्रेडच्या पुस्तकाच्या समासात तिने पेन्सिलीने जागोजागी आकडे दुरुस्त केलेले होते, आणि त्याचे कारण विचारल्यावर ती इतकेच म्हणाली की आपल्याला हे इंग्रजी पुस्तक नीटसे उमगत नसावे.

उमगण्याचा प्रश्न नव्हता. ते पुस्तक एका नामवंत परदेशी बेकरच्या ग्रंथाची चोरून केलेली प्रत होते. पाने यंत्राने वाचून नव्याने जुळवलेली आणि कोणीही न तपासलेली. बेकरीच्या हिशेबात पिठाचे वजन १०० धरून बाकी सर्व जिन्नस त्याच्या टक्केवारीत मांडले जातात: साध्या ब्रेडला पाणी साधारण ६५ ते ७०, मीठ २ च्या आसपास आणि झटपट यीस्ट १ किंवा त्याहून कमी. या प्रतीत मिठाचा दशांशचिन्हासह छापलेला १.८ हा आकडा चिन्ह गळून १८ झाला होता. दीड चमच्याचा अपूर्णांक मोडून तो '११/२', म्हणजे साडेपाच, असा वाचला जात होता. अठरा टक्के मीठ पाहून कोणताही बेकर थबकेल; परंतु पाणी ६८ ऐवजी ६३ पडले किंवा ताज्या यीस्टचे वजन झटपट यीस्टच्या रकान्यात सरकले, तर ते लक्षात येत नाही. ताजे यीस्ट झटपट यीस्टच्या सुमारे तिप्पट घ्यावे लागते, त्यामुळे रकाना चुकला की पीठ भलत्याच वेगाने फुगते आणि करणारी बिचारी मैद्याला किंवा हवेला दोष देत बसते. कणीक कितपत मळली गेली हे दाखवणारी मूळ रंगीत छायाचित्रे या प्रतीत राखाडी डाग होऊन उरली होती. अशा पुस्तकात कोष्टके आणि चित्रे हाच खरा ऐवज असतो. तो बिघडल्यावर उरते ती नुसती रद्दी.

दुसरे पुस्तक याहून गंभीर होते. ते कोणाच्या पुस्तकाची प्रत नव्हते, कारण मुखपृष्ठावर नाव असलेली लेखिका कोठेही अस्तित्वात असल्याचे आढळत नव्हते. मजकूर यंत्राकडून लिहून घेतल्यासारखा गुळगुळीत होता आणि एकच परिच्छेद किरकोळ शब्द बदलून चार प्रकरणांत आला होता. त्यात मटार, फरसबी आणि अळंबी बरणीत भरून उकळत्या पाण्यात वीस मिनिटे ठेवावीत, म्हणजे वर्षभर टिकतात, असे निःशंकपणे सांगितले होते. हा सल्ला प्राणघातक ठरू शकतो. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू १०० अंश सेल्सिअसला मरत नाहीत, आणि हवाबंद, कमी आंबट बरणी ही त्यांना विष तयार करण्यास हवी तशी जागा असते. पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका जास्त तितका आंबटपणा कमी) ४.६ हून अधिक असलेले पदार्थ बरणीबंद करायचे असतील, तर दाबाखाली ११६ ते १२१ अंशांपर्यंत तापमान न्यावे लागते, तेही त्यासाठीच बनवलेल्या उपकरणात. आपला डाळ-भाताचा कुकर त्या कामासाठी प्रमाणित केलेला नसतो. शिवाय या विषाने पदार्थाचा वास किंवा रंग बदलेलच असे नाही.

त्याच पुस्तकात सोललेला लसूण तेलात बुडवून तीन महिने ओट्यावर ठेवण्याची कृती होती. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात १९८५ मध्ये तेलात ठेवलेल्या लसणामुळेच ३६ जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला होता. कैरीचे लोणचेही तेलात असते, मग लसणाने काय बिघडते, असे आपल्याकडे सहज वाटू शकते. परंतु लोणचे राखतात ते कैरीचा आंबटपणा आणि मीठ, तेलाचे काम फक्त हवा अडवण्याचे. नुसत्या लसणात आंबटपणा नाही, आणि हवा अडवल्याने या जिवाणूचे फावते. भाचीने ती कृती करून पाहिली नव्हती, हे ऐकल्यावर मला पाणी पिऊन खाली बसावे लागले.

विक्रेत्याने "उघडलेले पुस्तक परत घेतले जात नाही" असे एका ओळीत कळवले, आणि परतीची मुदत तर वेष्टन सुटण्यापूर्वीच संपत आली होती. वेष्टन आणि थेट पोहोच या दोन सोयींचा खरा लाभ कोणाला होतो, हे तेव्हा स्पष्ट झाले. त्यानंतर मी बाजारपेठेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार पाठवली. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. तक्रारीत हा नियम उद्धृत केल्यावर उत्तरांचा सूर बदलला. सोबत मूळ आणि बनावट पानांची छायाचित्रे शेजारीशेजारी जोडली होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावरही नोंद केली. ब्रेडच्या पुस्तकाचे पैसे परत आले. दुसऱ्याचे आले नाहीत, कारण ते 'वर्णनाप्रमाणेच' असल्याचे मला कळवण्यात आले, आणि दुर्दैवाने ते वर्णनाप्रमाणेच होते.

असे पुस्तक भेट द्यायचे असल्यास ते आधी स्वतःच्या घरी मागवावे आणि वेष्टन आपल्या हाताने करावे. मागच्या बाजूचा तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, तपासता येतो: आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली की तिला १० ने निःशेष भाग जायला हवा. दुसऱ्या पुस्तकाचा क्रमांक या साध्या कसोटीलाही उतरला नाही. चोरटी प्रत मात्र मूळचा खरा क्रमांक जसाच्या तसा छापते, त्यामुळे तिथे कागद, चित्रे आणि कोष्टकेच पाहावी लागतात. ब्रेडच्या पुस्तकात मापे ग्रॅममध्ये असावीत, कारण ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा आणि अमेरिकन ४७३ चा असतो, आणि कोणता अभिप्रेत आहे हे जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणात बहुधा लिहिलेले नसते. टिकवण्याच्या पुस्तकाला तर जुनेपणाचे कौतुक मुळीच लावू नये. बरणी ओव्हनमध्ये तापवणे किंवा जॅमवर मेण ओतून ती बंद करणे या पूर्वीच्या पद्धती आता असुरक्षित मानल्या जातात. पडताळणीसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याची २०१५ मध्ये सुधारलेली मार्गदर्शिका विनामूल्य मिळते, आणि तिच्यातील वेळा व तापमाने समोर ठेवली की बनावट पुस्तक दहा मिनिटांत उघडे पडते.

दुसऱ्या पुस्तकासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालू आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नसते. दरम्यान त्याच विक्रेत्याच्या पानावर त्याच लेखिकेच्या नावाने लहान मुलांच्या आहारावरचे नवे पुस्तक विक्रीला आले आहे.