गाऊन घालून भर रस्त्यात: जेन ऑस्टिनच्या नादी लागून झालेले अकरा महिने

आधीच सांगते, हा पुस्तकांचा रिव्ह्यू नाहीये. जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेच्या कादंबऱ्या सहाच आहेत, ज्यांनी वाचायच्या त्यांनी वाचल्यात. हा त्या कादंबऱ्यांभोवती जी काय जत्रा भरते तिचा रिव्ह्यू आहे, म्हणजे नाचाचा क्लास, वाचन ग्रुप, कपडे, इंग्लंडमधल्या बाथ शहराचा ऑस्टिन फेस्टिव्हल, चहापार्ट्या, घरं बघत फिरणं वगैरे. मी बाथशेजारच्या ब्रिस्टॉलला राहते. २०२५ च्या जानेवारीत ऑफिसातल्या मैत्रिणीने "अडीचशेवं वर्ष आहे अगं, चल" म्हणून ओढत नेलं (बाईंचा जन्म १६ डिसेंबर १७७५ चा), मी म्हटलं एकदा जाऊन येऊ, आणि डिसेंबर येईपर्यंत माझ्या कपाटात दोन गाऊन, एक बॉनेट (हनुवटीखाली बांधायची टोपी) आणि चामड्याच्या तळाचे सपाट बूट होते.

नाचापासून सुरू करते कारण पैसे वसूल झाले ते तिथेच. दर दुसऱ्या गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये दोन तास. समोरासमोर दोन लांब रांगा, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. पुरुष नेहमीच कमी पडतात त्यामुळे अर्ध्या बायका पुरुषांच्या रांगेत, मी चार महिने 'पुरुष' होते. (हे दुखणं जुनंच आहे, प्राइड अँड प्रेज्युडिस या कादंबरीत पहिल्याच बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला, पुरुष कमी म्हणून नायिका एलिझाबेथला दोन नाच बसून काढावे लागतात आणि त्या बसण्यातच तिला नायकाचं, डार्सीचं, तिच्या दिसण्याबद्दलचं ते कुजकट वाक्य ऐकू येतं.) कॉलर म्हणजे नाच ओरडून सांगणारी बाई, आमची सत्तरीची आहे, आवाज शाळेतल्या पीटीच्या बाईंसारखा. पहिले दोन महिने मला डावं-उजवं कळत नव्हतं, एकदा तर मी भलत्याच सेटमध्ये पोचले आणि तिथल्यांनी अगदी सभ्यपणे मला परत आणून सोडलं.

पण गंमत पुढे आहे. या नाचात तुम्ही सारखे नाचतच नसता. तुमची जोडी रांगेतून एकेक घर खाली सरकते, टोकाला पोचलात की एक फेरी नुसतं उभं राहायचं, आणि जुन्या पद्धतीने केलं तर वरची जोडी नाच सुरू करते आणि ती तुमच्यापर्यंत येईस्तोवर तुम्ही खांबासारखे उभे. समोर पार्टनर, आजूबाजूला ऐकणारे कान, आणि करायला काही नाही. मग बोलावंच लागतं! त्याच कादंबरीत पुढे नेदरफील्डच्या बॉलमध्ये एलिझाबेथ डार्सीला म्हणते ना की आता बोलायची तुमची पाळी, मी नाचाबद्दल बोलले, तुम्ही हॉलच्या आकाराबद्दल नाहीतर जोड्या किती आहेत त्याबद्दल काहीतरी बोला, ते मी कॉलेजात वाचलं तेव्हा वाटलेलं केवढी शहाणी आहे ही. आता कळलं की ती खरंच तिथे ताटकळत उभी आहे. मग दोघं रांगेतून खाली जाईपर्यंत गप्प, मग परत दोन वाक्यं, तो तुटक संवाद नाचाच्या मापानेच लिहिलाय. हे मला कुठल्या प्रस्तावनेतून कळलं नसतं, गुडघे दुखवून कळलं.

तसंच नाही म्हणण्याचं. तेव्हाचा शिरस्ता असा की एकाला नकार दिला की मग त्या रात्री दुसऱ्या कुणाबरोबरही नाचता येत नाही, आणि नाच घ्यायचे ते दोन-दोनच्या जोडीने, म्हणजे जवळजवळ अर्धा तास एकाच माणसाच्या ताब्यात. आमच्या क्लासमध्ये एक काका आहेत, स्वभावाने फार गोड पण दर वेळी उलट्या बाजूला वळतात आणि वळून झालं की सॉरी म्हणत बसतात, त्यात पुढचं चुकतं. कॉलिन्स! प्राइड अँड प्रेज्युडिसमधला तो पाद्री, एलिझाबेथबरोबर नाचताना असाच चुकत आणि माफी मागत राहतो. माझ्या डोळ्यासमोर तो सीन आला आणि मला हसू आवरेना, काकांना वाटलं मी त्यांना हसले. एका अर्थी हसलेच होते म्हणा.

एक टीप. सगळ्यांना टीव्हीवर आणि सिनेमात पाहिलेला तो 'मिस्टर बेव्हरिजेस मॅगट' शिकायचा असतो, मलाही होता. सुंदरच आहे. पण तो छापला गेला १६९५ च्या सुमाराला, ऑस्टिनच्या तरुणपणी तो शंभर वर्षं जुना होता, कुणी नाचत नव्हतं. मॅगट म्हणजे इथे अळी नव्हे, लहर. 'बूलांजे' मात्र खरा त्यांच्या काळातला, गोल करून करायचा, दमलेल्या लोकांसाठी, प्राइड अँड प्रेज्युडिसमध्ये त्याचं नाव येतं. नवीन असाल तर आधी तो शिका, जमला असं तरी वाटतं.

आता कपडे. इथे माझे पैसे बुडाले. पहिला ड्रेस ऑनलाइन मागवला, दुकानाचं नाव घेत नाही, फोटोत मलमल आणि पार्सलमध्ये पडद्याचं पॉलिस्टर, नाचताना अक्षरशः भाजून निघाले. मग मार्चमध्ये पुण्याला गेले तेव्हा ठरवलं इथेच शिवू. आईला म्हटलं मला रीजन्सी, म्हणजे ऑस्टिनच्या काळातला, गाऊन शिवायचाय, बाथला घालून फिरायचंय. आई म्हणाली, "गाऊन घालून रस्त्यात फिरणार? आपल्याकडे दूधवाला आला तरी मी वर ओढणी घेते." तिला गाऊन म्हणजे रात्रीचा, त्यात फोटो दाखवला तर तिचा मुद्दा आणखीनच पक्का झाला. टेलरकाकांनी फोटो उलटा-सुलटा करून बघितला, छातीखालीच कंबर कशी काय, आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, मॅटर्निटी का?" शेवटी लक्ष्मी रोडवरून घेतलेल्या मलमलीचा त्यांनी इतका सुरेख शिवून दिला की फेस्टिव्हलमध्ये तीन बायकांनी शिंपी कोण विचारलं.

आणि मलमल ही आपली नुसती हौस नाही बरं का. ऑस्टिनच्याच नॉर्थँगर ॲबी या कादंबरीत हेन्री टिल्नी बहिणीसाठी खरी इंडियन मलमल वारावर काय भावाने आणली ते ऐटीत सांगतो. मॅन्सफील्ड पार्क या कादंबरीत लेडी बर्ट्रमला भाचा ईस्ट इंडीजला, म्हणजे आपल्या हिंदुस्थानाकडे, जावा असं वाटतं ते कशासाठी, तर शालीसाठी, एक नको दोनच आण! ऑस्टिनची सख्खी आत्या फिलाडेल्फिया १७५२ मध्ये लग्न जमवायला हिंदुस्थानात आली, कंपनीच्या एका सर्जनशी लग्न केलं, मुलगी एलायझा कलकत्त्यात जन्मली, गॉडफादर वॉरन हेस्टिंग्ज. ही एलायझा पुढे जेनच्या भावाचीच बायको झाली. हे सगळं मला आमच्या वाचन ग्रुपमधे कुणी सांगितलं नाही, मी सांगितलं. मे महिन्यात एका बाईंनी प्रेमाने विचारलं होतं की तुम्हाला हे सगळं जरा परकं वाटत असेल ना, त्यावर पुढच्या मीटिंगला मी तयारी करून गेले. त्यानंतर नाही विचारलं.

कपड्यांबद्दल अजून दोन गोष्टी. आतून स्टेज घालावे लागतात, चोळी आणि कॉर्सेटच्या मधलं काहीतरी, ते घातलं की पोक काढून बसताच येत नाही आणि फरशीवर पडलेला मोबाइल उचलायला नवऱ्याला हाक मारावी लागते. दुसरं, खिसे नसतात. पूर्वी घागऱ्याखाली खिसे बांधायचे पण हे झिरझिरीत सरळ गाऊन आले आणि खिसा बाहेरून दिसायला लागला, म्हणून हातात छोटी पिशवी आली, रेटिक्यूल. लोक त्यासाठी भरपूर पैसे मोजतात. मी आजीचा बटवा नेला, तंतोतंत तेच आहे.

बाथचा फेस्टिव्हल: सप्टेंबरमध्ये दहा दिवस असतो, २००१ पासून चालू आहे. मोठा दिवस म्हणजे शनिवारचा प्रॉमेनेड, सगळे त्या काळच्या पोशाखात शहरातून चालतात. २०१४ मध्ये एकाच ठिकाणी ५५० माणसं या वेषात जमवून गिनेसचा रेकॉर्ड केला होता. २०२५ ला अडीचशेवं म्हणून जगभरातून गर्दी, राहायची सोय मिळता मिळत नव्हती, मी ट्रेनने पंधरा मिनिटांवर राहते म्हणून सुटले. ट्रेनमध्ये बॉनेट घालून बसायची पाच मिनिटं लाज वाटते, मग पुढच्या स्टेशनला लाल कोट घातलेले दोन सैनिक चढतात आणि जीव भांड्यात पडतो. चालायला मजा येते, पण खरं सांगू, दोन्ही बाजूंनी फोन रोखलेले टुरिस्ट आणि मधे आपण, तासाभराने आपण गणपतीच्या मिरवणुकीतला देखावा आहोत असं वाटायला लागतं. नेटफ्लिक्सच्या 'ब्रिजर्टन' या त्याच काळातल्या सिरीजमुळे "तू त्यातली का?" असं मला चार वेळा विचारलं गेलं. हो म्हणून टाकलं.

आणि गंमत बघा, एवढा सोहळा ज्या बाथमध्ये, ते बाईंना मुळीच मानवलं नव्हतं. १८०१ ते १८०६ तिथे काढली, वडील तिथेच गेले, आणि दोन वर्षांनी बहिणीला पत्रात लिहितात की बाथ सोडून क्लिफ्टनला निघालो ती सुटकेची भावना काय होती! क्लिफ्टन म्हणजे आमचं ब्रिस्टॉल. हे मी बाथकरांना दर भेटीत ऐकवते.

चहापार्टीवर फार लिहीत नाही. तीन मजली ताटलीत काकडीचं सँडविच, बिल पाहून पोट भरतं. एकदा फोटोपुरती करा. त्या पैशात हॅम्पशायरमधल्या चॉटनला जा. शेवटची आठ वर्षं जेनबाई इथे राहिल्या, घराचं १९४९ मध्ये म्युझियम केलं. खिडकीपाशी अक्रोडाच्या लाकडाचं बारा बाजूंचं त्यांचं लिहायचं टेबल आहे, आपल्याकडच्या स्टुलाएवढं. मी त्यासमोर उभी राहिले आणि माझ्या दोन मॉनिटरच्या डेस्कची लाज वाटली. गिफ्ट शॉपमध्ये मात्र जपून, कपांवर आणि पिशव्यांवर जी वाक्यं असतात त्यातली निम्मी भलत्याच पात्रांची. दहा पौंडांच्या नोटेवरचंच घ्या ना, वाचनासारखा आनंद नाही वगैरे, ते म्हणते प्राइड अँड प्रेज्युडिसमधली कॅरोलाइन बिंगली, आणि म्हणते कधी तर डार्सीवर छाप पाडायला हातात घेतलेल्या पुस्तकाला कंटाळून जांभई देऊन झाल्यावर.

वाचन ग्रुप महिन्यातून एकदा, दहा-बारा जण, एकेक प्रकरण मोठ्याने वाचायचं. सुरुवातीला बालिश वाटलं. पण हे लिखाण घरात मोठ्याने वाचण्यासाठीच होतं, १८१३ मध्ये पुस्तक छापून घरी आलं तेव्हा आईने पाहुणीला वाचून दाखवलं आणि जेनबाईंची तक्रार, की आई फार भरभर वाचते. 'एमा' या कादंबरीतली बडबडी मिस बेट्स मी आतापर्यंत पानं उलटवून टाळत आले होते, आमच्यातल्या एका रिटायर्ड नर्सने तिचं दीड पानाचं बोलणं श्वास न घेता वाचलं आणि खोली हसून लोळायला लागली, शेवटी मात्र सगळे एकदम गप्प झाले कारण तेवढ्या बडबडीत त्या बाईच्या घरातली ओढाताण नीट ऐकू आली. ग्रुपचा एकच त्रास, दोघा-तिघांना कुठला डार्सी चांगला, टीव्हीतला की सिनेमातला, यातून बाहेरच पडता येत नाही, दर महिन्याला वीस मिनिटं त्यात जातात.

म्हणून कुणी विचारलं की कशात पैसे घालू, तर आधी नाच, मग वाचन, कपडे सहा महिने तरी भाड्याचे, आणि मलमल भारतातून.

डिसेंबरच्या बर्थडे बॉलला पुरुष अगदीच कमी पडले म्हणून नवऱ्याला नेलं. तो घरूनच "मी फक्त बॅगा सांभाळणार" म्हणत आलेला. कॉलरने त्याला कॉलरला धरून रांगेत उभं केलं, पहिल्या नाचात तीनदा चुकला, दुसऱ्यात एकदा, आणि बूलांजे झाल्यावर घामाघूम होऊन मला विचारतो, पुढचा कधी असतो? आता त्याला टेलकोट हवाय. मी टेलरकाकांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, रात्री उत्तर आलं: "ताई, हा बँडवाल्यांचा का?"