टीमच्या प्रवासखर्चासाठी फराळ विकायचा की रद्दी गोळा करायची?

आमच्या पोरींची खो-खोची टीम आहे, बाहेरगावी मॅचेस म्हटलं की रेल्वेचं तिकीट, राहणं, जेवण सगळं आपल्यालाच बघावं लागतं, म्हणून दोन्ही करून बघितलंय.

फराळात पैसा एकदम हातात येतो, चकली-चिवडा तर लोक आधीच ऑर्डर देतात. पण भाजणी, तेल, पॅकिंग यात आधी पैसे घालावे लागतात, आणि चार आयांच्या रात्री किचनमध्ये जातात. एकदा पाकिटं नीट सील झाली नाहीत, चकल्या सादळल्या आणि अख्खा घाणा घरीच संपवावा लागला, फार वाईट वाटलं. शिवाय हे वर्षातून एकदाच.

रद्दीला भांडवल शून्य. पोरी रविवारी सकाळी सोसायटीत दारोदार जातात, सुतळीने गठ्ठे बांधतात, जिन्यावरून खाली आणतात. किलोमागे मिळतं कमीच, वर आता पेपर घेणारी घरंही कमी झालीत, पण दर महिन्याला काहीतरी जमतंच. आणि एक आजी पोरींना नावाने ओळखायला लागल्या, मॅच कशी झाली विचारतात, ते मला पैशाहून मोठं वाटतं.

मी रद्दीच निवडेन. तिकिटं महिन्याभरात काढायची असतील तरच फराळ, तोही ऑर्डर घेऊनच.