वाकडी बोय वेगळी काढून दाखवणारा गाळा

मुंबईतील वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) मासळी बाजारातील ज्या मावशींकडून मी गेली नऊ वर्षे मासळी घेतो, त्यांच्या गाळ्याविषयी लिहिण्याचे कारण पापलेटचा ताजेपणा किंवा भाव हे नाही. त्या दोन्ही बाबतींत शेजारचे गाळेही तितकेच चांगले आहेत. या गाळ्यावर मासा अख्खा दाखवल्याशिवाय त्याला कोयता लावला जात नाही आणि मासा कुठल्या पाण्यातला आहे हे न विचारता सांगितले जाते, म्हणून मी लिहितो आहे.

गेल्या जुलैमध्ये यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होती आणि पाटीत खाडीची मासळी जास्त होती. बोय हा खाडीत आणि समुद्रात मिळणारा मासा; मी निवडलेल्या सहा बोयींपैकी एक मावशींनी स्वतःहून बाजूला काढली. शेपटीच्या अलीकडे तिची पाठ नागमोडी वळली होती आणि तेथील खवल्यांच्या रांगा एकमेकींवर चढल्यासारख्या दिसत होत्या. "ही खाडीची हाय, दर्याची नाय," एवढेच सांगून त्यांनी पाच बोयींचे पैसे घेतले. मी ती वाकडी बोयही मागून घेतली. घरी उकडून मांस सोडवले, तेव्हा कण्याचे तीन मणके एकमेकांत सांधून आखूड झालेले आढळले.

असा मासा पाहिला की आपण लगेच खाडीतल्या घाणीकडे बोट दाखवतो. वेसाव्याला लागून असलेल्या मालाडच्या खाडीत पश्चिम उपनगरांचे सांडपाणी येते, त्यामुळे हा संशय अगदीच निराधार नाही. शिवाय बोय तळच्या गाळातील शेवाळ आणि कुजके कण खाते, म्हणजे गाळात जे साचते ते तिच्या पोटात जाते. कॅडमियम आणि शिसे यांसारखे जड धातू हाडांच्या घडणीत बिघाड करतात. काही कीटकनाशकांमुळे स्नायू इतके आकसतात की कणा वाकतो किंवा मोडतो. मात्र अंड्यातील वाढीच्या काळात पाण्याचे तापमान बदलले, प्राणवायू कमी पडला, आहारात क जीवनसत्त्व किंवा फॉस्फरस अपुरे राहिले, परजीवी शिरले किंवा लहानपणी जाळ्यात इजा झाली, तरीही कणा असाच वाकतो. त्यातच बोयींच्या काही जाती समुद्रात अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले नंतर खाडीत शिरतात. म्हणून खाडीत सापडलेल्या बोयीचे व्यंग खाडीतच घडले, असे एका माशावरून ठरवता येत नाही. त्यासाठी एकाच ठिकाणचे शेकडो मासे मोजावे लागतात, त्यांच्या कण्यांची क्ष-किरण चित्रे पाहावी लागतात आणि पाणी व गाळ तपासावा लागतो.

मोजणीतही एक अडचण आहे, आणि ती मला सर्वांत अस्वस्थ करते. वाकड्या पाठीचे पिल्लू वेगाने पोहू शकत नाही. ते बहुधा जाळ्यापर्यंत पोहोचण्याआधीच कोणाचे तरी भक्ष्य होते. बाजारात दिसते ती त्यातून वाचलेली एखादीच बोय. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनामधल्या बेल्यूज तलावात 1970च्या दशकात कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या राखेतून सेलेनियम उतरले. ते माद्यांच्या शरीरातून अंड्यांच्या बलकात गेले, पिल्ले व्यंग घेऊन जन्मली, आणि तलावातील 20पैकी 19 जातींचे मासे नाहीसे झाले. राखेचे पाणी 1985मध्ये थांबवल्यानंतरही गाळात उरलेल्या सेलेनियममुळे 1990च्या दशकात व्यंग असलेली पिल्ले सापडतच होती. तेथे व्यंगाचे मूळ सापडले, ते कोणीतरी लहान पिल्लेही पाहत होते म्हणून.

मध्यंतरी वेळेअभावी मी एका घरपोच मासळी सेवेकडून चार महिने मासळी मागवली. तुकडे स्वच्छ होते आणि वजन अचूक होते. परंतु डोके, शेपटी आणि मधला काटा काढून आलेल्या मांसावरून मासा सरळ होता की वाकडा, हे कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. मासा कुठे पकडला, असे विचारल्यावर 'अरबी समुद्र' एवढेच उत्तर मिळाले. त्यानंतर मी पुन्हा मावशींकडे आलो.

मावशींच्या गाळ्यातही उणिवा आहेत. मासळी वाट्यावर विकली जात असल्याने नवख्या गिऱ्हाईकाला भावाचा अंदाज येत नाही, आणि गर्दीच्या रविवारी खाडीची व समुद्राची मासळी एकाच पाटीत ठेवली जाते. हे मी त्यांना दोनदा सांगितले आहे. त्या मान्य करतात, पण जागा अपुरी आहे. शिवाय सरळ पाठीचा मासा निर्दोषच असतो असेही नाही. मांसातील पारा आकारावरून दिसत नाही, शिजवल्याने जात नाही, आणि मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांत तो अधिक साठतो. त्यामुळे घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर मी मुशीऐवजी छोटी मांदेली घ्यावी असे सुचवेन, आणि ती येथे उत्तम मिळते.

जायचे असल्यास सकाळी नऊच्या आत जावे. त्यानंतर उरलेली मासळी कापायला घेतली जाते, आणि मासा अख्खा पाहायला मिळत नाही. खाडीची बोय हवी किंवा नको असेल, तर तसे आधीच सांगावे. वाकडा मासा निघाल्यास मी आता त्याचा फोटो काढून तारीख आणि जागा लिहून ठेवतो. मावशी त्यासाठी तो फळीच्या कडेला ठेवून देतात आणि नौका कुठे गेली होती, हे मुलाला विचारून सांगतात.