गालाच्या इम्प्लांटला दीड वर्ष झालं, खरंखुरं सांगते

गालाला भराव यावा म्हणून आत कृत्रिम तुकडा बसवायचं हे ऑपरेशन करायच्या आधी मी जिथे जिथे शोधलं तिथे एकतर नुसतं कौतुक नाहीतर नुसती भीती, म्हणून सविस्तर लिहितेय. वय ५१. पंचेचाळिशीनंतर माझे गाल असे बसले की मी आठ तास झोपून आले तरी लोक विचारायचे, बरं नाहीये का, आजारी होतीस का. सुरकुत्यांचं मला काही नव्हतं, पण हे "आजारी होतीस का" रोज ऐकून खरंच जीव कंटाळला होता.

आधी तीन वर्षं फिलर, म्हणजे गाल भरायची इंजेक्शनं घेतली, हायल्युरॉनिक ॲसिडची. वाईट अजिबात नाही, आवडलं नाही तर इंजेक्शन देऊन विरघळवता येतात ही मोठी सोय आहे, पण वर्षभरात उतरतात आणि परत सुया, आणि दरवेळी थोडं जास्त भरावं असं वाटायला लागतं. शेवटी शेवटी हसले की डोळ्याखाली गोळा आल्यासारखं दिसायचं. तेव्हा थांबले.

पहिल्या सर्जननी दोन मिनिटं बघितलं आणि गालाचं हाड उठावदार करू म्हणाले. दुसऱ्यांकडे गेले तर त्यांनी आधी माझा तिशीतला फोटो मागितला, मग बोटाने गालाचं हाड चाचपलं आणि म्हणाल्या तुमचं हाड छान आहे, खड्डा त्याच्या खाली आहे, हाडावर बसवलं तर चेहरा अजून ओढलेला दिसेल. हाडावर बसतो तो मलार आणि हाडाखालच्या पोकळीत बसतो तो सबमलार, दोन्ही मिळून एक असाही प्रकार असतो. चेहरा नैसर्गिक दिसणार की नाही ते माझ्या मते इथेच ठरतं, चुकीच्या जागी बसवलेला महागातला महाग इम्प्लांटसुद्धा लोकांना लगेच कळतो. साइजवरून माझी त्यांच्याशी जवळजवळ वादावादीच झाली, मला मोठा हवा होता, त्या ४ मिलिमीटरच्या वर जायला तयारच नव्हत्या. आज त्यांचे मनापासून आभार मानते.

माझे घट्ट सिलिकॉनचे आहेत. सच्छिद्र पॉलिइथिलीनचेही मिळतात, त्यात आपल्या पेशी शिरून ते पक्के धरतात, पण मग काढायची वेळ आली की अवघड. सिलिकॉनभोवती शरीर पातळ आवरण तयार करतं त्यामुळे तो त्यामानाने सहज निघतो, मी त्यासाठीच तो घेतला.

पूर्ण भूल दिली होती, तासा-दीड तासाचं काम. चीर तोंडाच्या आतून, वरच्या हिरडी आणि गालाच्या मधल्या घडीत, त्यामुळे चेहऱ्यावर एकही व्रण नाही. पण तोंडातली जखम म्हणजे इन्फेक्शनची धास्ती, प्रत्येक खाण्यानंतर औषधी पाण्याने चुळा, मऊच खायचं, डोकं उंच ठेवून झोपायचं. जीभ सारखी टाक्यांकडेच जायची, ते दोऱ्याचं टोक टोचायचं अजून आठवतंय.

आता तक्रार. डोळ्याखालून संवेदनेची एक नस (मज्जातंतू) ओठापर्यंत येते ती ऑपरेशनमध्ये ताणली जाते, हे त्यांच्या फॉर्मवर एका ओळीत होतं आणि तोंडी फक्त "थोडं बधीर वाटेल" एवढंच सांगितलं. माझा डावा वरचा ओठ चार महिने दाताच्या इंजेक्शननंतर असतो तसा होता. पाणी पिताना थेंब ओघळून हनुवटीवर यायचा आणि मला कळायचंच नाही, समोरचा बघायचा तेव्हा हात जायचा. बाराव्या दिवशी एक गाल जास्त सुजला म्हणून घाबरून फोन केले तर दिवसभर क्लिनिकमध्ये कुणी उचलला नाही. सूज दोन्हीकडे सारखी उतरत नाही हे आधी नीट समजावलं असतं तर ती रात्र मी रडत काढली नसती. हात कितीही चांगला असो, नंतरच्या काळजीत हे क्लिनिक कमी पडलं.

दीड महिना आरशात दुसरीच बाई दिसायची. तिसऱ्या महिन्यानंतर चेहरा खरा दिसायला लागला आणि साधारण सहाव्या महिन्यात बसला. नाकापासून ओठाकडे जाणारी रेघ थोडी सौम्य झाली, खड्डा गेला. जबड्याजवळची लोंबणारी कातडी आणि मान मात्र जशीच्या तशी आहे, त्याच्यासाठी इम्प्लांट नाहीच, कुणी तसं सांगत असेल तर दुसरा सर्जन बघा. सिगरेट ओढत असाल तर आधी बंद करा, जखम नीट भरत नाही.

परवा मावसबहीण दोन वर्षांनी भेटली, म्हणाली छान दिसतेयस गं, सुट्टीवर जाऊन आलीस का. गालांकडे तिचं लक्षही गेलं नाही.

आणि इम्प्लांटची कंपनी, साइज, बॅच लिहिलेलं कार्ड मागून घ्याच, मला ते दोनदा मागावं लागलं. वरच्या दाताचं काही काम निघालं तर सुई टोचायच्या आधी डेंटिस्टला दाखवायचं असं सर्जननी बजावलंय, त्यामुळे माझं कायम पर्समध्ये असतं.