क्लस्टर बदलतो म्हणाले, विंडो मारून दिली

'डिस्कचा क्लस्टर साइज वाढवून देतो, मशीन पळंल' असं कुणी सांगत असेल, तर पैसे काढायच्या आधी हे वाचा. क्लस्टर म्हणजे फाइल ठेवताना डिस्कवर दिला जाणारा जागेचा लहानात लहान तुकडा.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं काम आहे. लग्नसराईत पत्रिका, एरवी बिलबुकं आणि हँडबिलं. मशीन फार रेंगाळायला लागलं म्हणून राजारामपुरीतल्या एका दुकानात नेलं. दुकानदारानं दोन मिनिटांत निदान केलं. "साहेब, क्लस्टर 4 केबीचा हाय. 64 करूया, डबल स्पीड!" माझी अट एकच होती, विंडो मारायची नाही, म्हणजे विंडोज नव्यानं टाकायचं नाही. श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर), जुने फॉन्ट, कोरलची (डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) सेटिंगं परत बसवायची म्हणजे ऐन सीझनला काम बंद. "विंडोला हातच लावत न्हाई की. क्लोन मारून क्लस्टर बदलतो," तो म्हणाला. क्लोन म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल. 2,200 रुपये ठरले, यूपीआयनं दिले.

मशीन परत आलं तेव्हा डेस्कटॉपवर अंबाबाईचा तोच फोटो, आयकॉन जागच्या जागी. सजावट अगदी मन लावून केलेली. श्रीलिपी उघडायला गेलो तर प्रोग्रॅमच नाही, आयकॉन नुसता शोभेचा. मग विंडोजची आवृत्ती दाखवणारी विनव्हर कमांड टाइप करून पाहिली. माझं मशीन विंडोज 10 होम सिंगल लँग्वेजसह आलेलं, इथे प्रो दिसत होतं. लायसन्सची मुदत दाखवणारं 'एसएलएमजीआर /एक्सपीआर' चालवलं, तर अ‍ॅक्टिव्हेशन 180 दिवसांत संपणार. ही मुदत कंपन्यांच्या व्हॉल्यूम लायसन्सची असते, माझ्यासारख्याच्या मशीनवर ती दिसली की जुगाड समजावा. अस्सल लायसन्स काढून मला हे चिकटवलं होतं.

बरं, निदान क्लस्टर तरी बदलला होता का? अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एफएसयुटिल एफएसइन्फो एनटीएफएसइन्फो सी:' दिलं. बाइट्स पर क्लस्टर: 4096. म्हणजे 4 केबीच! त्यात सी ड्राइव्हवर 'विंडोज.ओल्ड' हे फोल्डर पडलेलं, म्हणजे जुन्या विंडोजच्या फाइली. पार्टिशन फॉरमॅट केलं असतं तर ते उरलंच नसतं. विंडोजच्या स्वतःच्या साधनांनी क्लस्टर बदलायला फॉरमॅट करावंच लागतं, आणि सेक्टर-टू-सेक्टर क्लोन मारला तर जुना क्लस्टरच जसाच्या तसा पुढे जातो. थोडक्यात, करायचं ते केलं नाही आणि करू नका म्हटलेलं तेवढं केलं.

विंडो न मारता क्लस्टर खरंच बदलता येतो. काही पार्टिशन सॉफ्टवेअरं मशीन रीस्टार्ट करून जागच्या जागी बदलतात. नाहीतर विंडोज पीईच्या (विंडोजच्या छोट्या दुरुस्ती-आवृत्तीच्या) पेनड्राइव्हवरून बूट करून डिझम या विंडोजच्याच साधनानं फाइलनिहाय इमेज काढायची, हव्या क्लस्टरनं फॉरमॅट करायचं, इमेज परत सोडायची आणि मशीन पुन्हा सुरू व्हावं म्हणून बीसीडीबूट कमांड चालवायची. आधी बॅकअप हवाच. पण सी ड्राइव्हला 64 केबी करायचंच कशाला? दर फाइलमागे सरासरी अर्धा क्लस्टर वाया जातो. 1 लाख फाइली धरल्या तर 3 जीबीच्या वर जागा फुकट. 4 केबीच्या वर एनटीएफएसचं (विंडोजच्या फाइल साठवायच्या पद्धतीचं) कॉम्प्रेशनही चालत नाही. मोठा क्लस्टर शोभतो तो व्हिडिओसारख्या अजस्र फाइलींच्या ड्राइव्हला.

दुकानात जाब विचारला तर उत्तर आलं, "क्लस्टर बदलला की विंडो नवीच दिसती, साहेब." यावर काय बोलणार!

फॉन्ट 'विंडोज.ओल्ड'मधून काढून घेतले. असं तुमच्याबाबतीत झालं तर लगेच काढा, कारण साधारण 10 दिवसांनी विंडोज ते फोल्डर आपोआप पुसून टाकतं. नंतर एसएसडी (वेगवान नव्या प्रकारची डिस्क) टाकली, तिच्यावर विंडोज होम सिंगल लँग्वेजच घेतलं. लायसन्सची की मशीनच्या बायोसमध्येच (मदरबोर्डवरच्या चिपमध्ये) होती, त्यामुळे लायसन्स आपोआप परत आलं. क्लस्टर आजही 4 केबीचाच आहे आणि मशीन पळतंय, म्हणजे दुखणं जुन्या हार्ड डिस्कचं होतं. कुणाकडे असलं काम द्यायचंच असेल, तर विनव्हर, एसएलएमजीआर आणि एफएसयुटिल या तिन्ही कमांड मशीन देण्याआधी आणि परत घेताना त्याच्या काउंटरवरच चालवा, मोबाइलवर फोटो काढा.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. दुकानानं दिलेल्या चिठ्ठीवर ना जीएसटी नंबर, ना दुकानाचं नाव. म्हणून यूपीआयची नोंद आणि कमांडचे फोटो जोडले.