गाडी एका कंपनीची, चार्जर दुसऱ्या कंपनीचा: फोंड्याहून काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी टाटाची इलेक्ट्रिक नेक्सॉन ईव्ही, ४०.५ किलोवॅट-अवर (म्हणजे तेवढे युनिट) बॅटरीची. घर फोंड्यात, सासुरवाडी कोल्हापूरला. पणजी, मडगाव, म्हापसा एवढं फिरणं घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर आरामात भागतं. लांबच्या प्रवासाला मात्र गेले कित्येक महिने मी दुसऱ्याच एका कार कंपनीचे फास्ट चार्जर वापरतोय. मशीनचं आणि गाडीचं उत्तम जमतं. अडतं ते ॲपमध्ये, वॉलेटमध्ये आणि शोरूमच्या गेटवर.

सगळे पहिल्यांदा हेच विचारतात की परक्या चार्जरने बॅटरी खराब होते का. नाही होत. आपल्याकडच्या बहुतेक नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना फास्ट चार्जिंगसाठी सीसीएस-२ हेच सॉकेट असतं. गन, म्हणजे चार्जरच्या केबलचं टोक, लावली की खट्कन लॉक पडतं, गाडी आणि मशीन एकमेकांना ओळखतात, इन्सुलेशन तपासलं जातं. त्यानंतर किती करंट हवा हे गाडीची बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, सांगते आणि मशीन त्याहून जास्त देत नाही. १२० किलोवॅटच्या मशीनला लावली तरी माझी गाडी पन्नास किलोवॅटच्या वर घेत नाही. मोठ्या मशीनचा फायदा वेगळाच आहे. ६० किलोवॅटच्या दोन गनच्या मशीनवर शेजारी दुसरी गाडी लागली की वीज वाटली जाते. पंचेचाळीसच्या आसपास असलेला आकडा स्क्रीनवर माझ्या डोळ्यांदेखत तिसावर येतो आणि चहाच्या थांब्याचं जेवण होतं. १२० च्या मशीनवर शेजारी कोणीही येवो, मला फरक पडत नाही. म्हणून निघण्यापूर्वी ॲपमध्ये मी अंतराआधी मशीन किती किलोवॅटचं आणि गन किती, ते बघतो.

खर्चाचं सांगतो. २२ वरून ८० टक्के म्हणजे बॅटरीत साधारण २४ युनिट जातात. बिलावर थोडे जास्त दिसतात, कारण बॅटरी थंड ठेवायला आणि आपण आत एसी लावून बसलो तर त्यालाही वीज लागते. दर युनिटला वीस रुपयांच्या पुढे, वर १८ टक्के जीएसटी. घरच्या विजेवर जीएसटी नाही, मग इथे कसा? केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं होतं की गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नव्हे, सेवा आहे. त्यामुळे चार्जर टाकायला वीज विकण्याचा परवाना लागत नाही, पण सेवा म्हटली की कर आलाच. एवढं धरूनही किलोमीटरला चारेक रुपये पडतात, पेट्रोलपेक्षा कमीच.

आता खरी तक्रार. एकदा चार्जिंग मध्येच तुटलं आणि वॉलेटमधले पैसे अडकले. चार्जिंग नेटवर्कच्या कस्टमर केअरने आधी गाडी कुठली ते विचारलं, मग म्हणाले, "सर, तुमच्या कंपनीकडे दाखवा." गाडीच्या सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, "चार्जर आमचा नाही हो." पाठपुरावा केल्यावर पैसे परत आले, पण चार्जिंग कोणाच्या बाजूने तुटलं हे आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. मशीन प्रत्येक वेळी एरर कोड नोंदवतं. तो ग्राहकाला मेसेजमध्ये पाठवायला काय हरकत आहे? माझी एवढीच मागणी आहे आणि ती सगळ्याच नेटवर्कांकडे आहे.

दुसरी अडचण जागेची. यातले बरेच चार्जर शोरूमच्या आवारात आहेत. ॲप चोवीस तास उपलब्ध दाखवतं, प्रत्यक्षात रात्री गेटला कुलूप, नाहीतर चार्जरसमोर डिलिव्हरीच्या नव्या गाड्या लावलेल्या. एका ठिकाणचे वॉचमनकाका भले माणूस. "थांबा बाब, चावी आणतो," म्हणत गाडी हलवून देतात. पण नेटवर्क अशा भलेपणावर चालू नये. चतुर्थीला आणि डिसेंबरात, पर्यटकांच्या गाड्याही वाढतात तेव्हा, तर मी आधी फोन करूनच निघतो.

पावसाळ्याबद्दल मुद्दाम लिहितो, कारण गोव्यात जूननंतर हा प्रश्न सगळ्यांना पडतो. गनमध्ये वीज सुरू होण्याआधी लॉक आणि तपासणी होते, त्यामुळे पावसात चार्ज करायला मी घाबरत नाही. पण शेड नसेल तर जड, ओली केबल एका हाताने ओढायची आणि दुसऱ्या हाताने सॉकेटवर छत्री धरायची, हे वयस्कर माणसाला जमण्यासारखं नाही. गन कधी होल्डरमध्ये न ठेवता खाली टाकलेली असते. तेव्हा पिनांवर पाणी किंवा चिखल नाही ना, हे बघूनच लावा. आमच्याकडे झाड पडून रात्रभर वीज गेली की घरचा प्लगही कामाचा नाही, अशा वेळी याच चार्जरांनी मला तारलंय.

चोर्ला किंवा आंबोली चढायची असेल तर पायथ्याशी निदान ६० टक्के ठेवा. घाटात मोबाईलची रेंज जाते-येते, म्हणून चार्जिंग नेटवर्कचं आरएफआयडी कार्ड मिळत असेल तर ते घ्याच. ॲप उघडलं नाही तरी कार्ड टेकवून चार्जिंग सुरू होतं. आणि ८० टक्क्यांनंतर वेग खूपच उतरतो, मागे कोणी थांबलं असेल तर तिथेच गन काढा.