जर्मनीचं ब्लॉक अकाउंट: पैसे सेफ, पण पहिला महिना स्वतःच्या खिशातून

दारव्ह्याच्या बाजूच्या गावातून पोट्टी जर्मनीला शिकायला पाठवायची म्हटलं की व्हिसाच्या आधी हे ब्लॉक अकाउंट आडवं येतं. लहान बहीण मास्टर्सला गेली, तिची कागदं सगळी मीच फिरवली, म्हणून हा रिव्ह्यू. यूट्यूबवरचे व्हिडिओ पुण्यामुंबईच्या पोरांचे असतात, त्यांची बँक गल्लीतच असते, आपलं तसं नाही.

तर भानगड अशी की वर्षभराचा खर्च आधीच भरून दाखवायचा, सप्टेंबर 2024 पासून तो 11,904 युरो आहे, रेटनुसार आपले 12 लाखांच्या आसपास समजा. पैसे पोरीच्याच नावावर राहतात पण कुलपात, तिकडे पोचल्यावर महिन्याला 992 युरो सुटतात. बाबांना हे भलतंच आवडलं, म्हणे चांगलं आहे, एकदम उडवायचा सवालच नाही! आम्ही घेतलं त्या कंपनीचं काम मोबाईलवरच झालं, पासपोर्टचे फोटो वगैरे, आणि पैसे पोचल्यावर व्हिसासाठीचं लेटरही पटकन आलं. इथपर्यंत पैकीच्या पैकी मार्क.

पैसे पाठवणं हा मात्र ताप आहे. तालुक्याच्या ब्रँचमध्ये ए-टू फॉर्म, म्हणजे फॉरेनला पैसे पाठवायचा अर्ज, मागितला तर साहेब मलाच विचारते, हा कायचा फॉर्म? फॉरेनला पैसे पाठवायचं काम सगळ्या ब्रँच करतच नाहीत हे तिथं कळलं, मग काय, चला नागपूर. पॅन, अ‍ॅडमिशन लेटर, लोनचं सँक्शन लेटर सोबत ठेवा. एज्युकेशन लोनमधून पैसे जात असतील तर एप्रिल 2025 पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो टॅक्स, लागत नाही, हे काउंटरवर स्वतःहून बोला, सांगितल्याशिवाय कोणी बघत नाही. आणि मोजून 11,904 पाठवू नका, मधल्या बँका आपला कट काढून घेतात, तिकडे रक्कम कमी पडली की लेटर अडकलंच, म्हणून शंभरेक युरो वरून टाका.

आता खरी तक्रार. ते 992 युरो सुटतात कुठं, तर तिथल्या बँकेतल्या तिच्या चालू खात्यात. बऱ्याच बँका खात्यासाठी पत्त्याची नोंदणी मागतात, नोंदणीला घरमालकाचा कागद लागतो, आणि घर पाहिजे तर डिपॉझिट. म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे, तलाठ्याच्या कागदासाठी सेतूत, तेच सगळं, फक्त जर्मनमध्ये. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकतं. कायद्यानं तीन हप्त्यात देता येतं पण नवीन पोरं हे बोलायला घाबरतात, घरमालक खोली दुसऱ्याला देईल म्हणून. कंपनीच्या जाहिरातीत ह्यातलं काहीच नाही, जणू उतरल्या उतरल्या पैसे हातात! आम्ही फॉरेक्स कार्डात वेगळे युरो भरून दिले होते आणि थोडे रोख, त्यावरच तिचा पहिला महिना निघाला. माझ्या मते दोनेक हजार युरो तरी वेगळे पाहिजेत, लोन काढतानाच ते धरून चाला.

बँकेचं कार्ड पोस्टानं येतं, पिन वेगळ्या पाकिटात, तेही वेगळ्या दिवशी. लेटरबॉक्सवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेतो. आपल्याकडे पोस्टमन आडनावावरून वावरात येऊन पाकीट देते, तिथं नाही. रूममेटनं सांगितलं म्हणून हिनं पहिल्याच दिवशी कागदावर पेननं नाव लिहून टेपनं चिटकवलं.

992 पुरतात का? छोट्या गावात पुरतात, म्युनिकमध्ये विसरा. हेल्थ इन्शुरन्सच 140 च्या वर जातो. वरून घरात टीव्ही असो नसो, घरटी महिन्याला 18.36 युरो रेडिओ-टीव्हीची फी, खोली शेअर असली तर सगळ्यांत मिळून एकदाच, हे पत्र आलं तेव्हा आईनं विचारलं काऊन बाप्पा, टीव्ही घेतला का तिनं? बेकरीत कुठं कुठं रोखच चालते, तेव्हा पाचदहा युरो खिशात असू द्या. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट डिपॉझिट असतं, रिकाम्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की चिठ्ठी निघते आणि ती बिलात वळती होते, पोट्टी पिशवी भरून जमा करते.

इकडचं एक काम राहू देऊ नका. बाहेर राहायला गेलेल्यांना भारतातलं सेव्हिंग खातं एनआरओ (एनआरआय लोकांचं खातं) करावं लागतं, शिकायला गेलेलेही त्यात येतात. आणि इकडचं सिम बंद पडू देऊ नका, बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येतात, जायच्या आधी रोमिंग चालू करून बघा.

5 पैकी साडेतीन स्टार. पैसे वेळेवर सुटतात, अ‍ॅप चांगलं आहे, पण सेटअप फी घेऊन वर दर महिन्याची फी, आणि आपल्याच पैशावर व्याज मात्र शून्य, हे काही पटलं नाही. पुढच्या वर्षी तिकडे राहायचं परमिट वाढवताना परत खर्च दाखवावा लागेल, पार्टटाइमला वर्षाचे 140 पूर्ण दिवस चालतात, तिचं काम लागलं तर त्या पगारावर भागवायचा विचार आहे. नाहीतर मग परत नागपूर.